घरांतील जलशेती आणि उन्हाळ्याची झळ

मातीवांचून शेती हे शब्द ऐकून आमच्या कित्येक वाचकांस हसूं येईल. ज्याच्या वाडवडिलांनीं वारणा-मोरणेच्या कांठीं भात आणि ऊस पिकविला, त्यास पाइपांत व ट्रेमध्यें भाजी लावावयास सांगणें म्हणजे नदीकांठच्या माणसास घागरभर पाणी विकण्यासारखें आहे, असेंही कोणी म्हणेल. तथापि हा प्रकार आतां केवळ शहरांतील हौसेचा राहिलेला नाहीं. शेतकऱ्यांचीं शिकलेलीं मुलें घराच्या एखाद्या रिकाम्या खोलींत अगर परसांतील छपरांत हा उद्योग मांडूं लागलीं आहेत. कोणी सॅलडची पालेभाजी करितो, कोणी म्हशींसाठीं मक्याचा हिरवा चारा उगवितो. माघ-फाल्गुनापर्यंत सर्व ठीक चालतें. चैत्र लागला कीं पानें माना टाकतात, मुळें काळवंडतात, चाऱ्यावर बुरशी चढते, आणि वैशाखांत सगळा सरंजाम माळ्यावर जातो. कर्ज काढून घेतलेला सरंजाम एकदां माळ्यावर गेला म्हणजे त्या घरांत पुढें कोणी नवीन गोष्टीचें नांव काढीत नाहीं. म्हणून उन्हाळ्याची ही बाधा होते कशी व ती टाळण्यास काय करावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

थोडी पूर्वपीठिका

झाडास माती लागते ती आधारासाठीं व अन्नाच्या सांठ्यासाठीं. खुद्द अन्न तें पाण्यांत विरघळलेल्या क्षारांच्या रूपानेंच घेतें. ही गोष्ट १८६० च्या सुमारास जर्मनींत झाक्स व क्नोप या शास्त्रज्ञांनीं झाडें नुसत्या क्षारयुक्त पाण्यांत वाढवून सिद्ध केली. पुढें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गेरिक यांनीं ही युक्ति प्रयोगशाळेबाहेर काढून टोमॅटोसारख्या पिकांस लावली, आणि १९३७ सालीं ‘हायड्रोपोनिक्स’ हें नांव रूढ केलें. त्याच विद्यापीठांतील होगलंड व आर्नन यांनीं १९३८ सालीं क्षारांचें एक प्रमाण प्रसिद्ध केलें. तें आजही जगभर वापरांत आहे. त्याच वेळीं त्यांनीं असेंही बजाविलें कीं, पाण्यांत लावल्यानें पीक मातीपेक्षां आपोआप दुप्पट-तिप्पट येतें ही समजूत खरी नव्हे. ऊन व हवा सारखी असल्यास दोहोंचें उत्पन्न जवळपास सारखेंच येतें. हिंदुस्थानांत या पद्धतीचे प्रयोग १९४६ पासून शोल्टो डग्लस यांनीं दार्जिलिंगकडील कालिंपोंग येथें केले.

हा इतिहास सांगण्याचें कारण एवढेंच कीं, जर्मनी, कॅलिफोर्नियाचा किनारा व कालिंपोंग हीं तिन्ही ठिकाणें थंड अगर समशीतोष्ण हवेचीं आहेत. तेथें बसविलेले नियम शिराळ्याच्या वैशाखांत जसेच्या तसे लागू पडत नाहींत. तिकडे मुख्य चिंता खोली उबदार ठेवण्याची. आमची चिंता तिच्या नेमकी उलट. सरंजामाबरोबर मिळणाऱ्या छापील सूचनापत्रकांत हा भेद बहुधा सांगितलेला नसतो.

खोली तापते कशानें?

उष्णता खोलींत तीन वाटांनीं येते. पहिली वाट छपराची. उन्हांत तापलेल्या पत्र्याचा हात लावून अनुभव सर्वांस आहेच. तो पत्रा खालच्या झाडांवर दिवसभर शेगडीसारखी उष्णता सोडतो. दुसरी वाट बाहेरच्या तापलेल्या हवेची. तिसरी वाट दिव्यांची, आणि तिच्याकडेच बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. बंद खोलींत सूर्याच्या ऐवजीं विजेचे दिवे लावतात. नवे एल.ई.डी. दिवे थंड असतात अशी समजूत आहे, ती अर्धवट खरी आहे. ते जुन्या दिव्यांपेक्षां त्याच विजेंत अधिक उजेड देतात हें खरें. परंतु उजेड पानांवर, भिंतींवर व जमिनीवर पडला म्हणजे त्याचीही शेवटीं उष्णताच होते. सबब खोलींत जितकी वीज जळते, जवळजवळ तितकी सगळी उष्णता खोलींतच रहाते. एक हजार वॉटचे दिवे लावणें म्हणजे तेवढ्याच शक्तीची विजेची शेगडी पेटवून ठेवणें होय.

ही उष्णता नुसत्या वाऱ्यानें बाहेर काढावयाची, आणि खोली बाहेरच्या हवेपेक्षां तीन अंशांहून अधिक तापूं द्यावयाची नाहीं, असें ठरविलें, तर दर हजार वॉटमागें तासास सुमारें एक हजार घनमीटर हवा बदलली पाहिजे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलींत सुमारें अठ्ठावीस घनमीटर हवा मावते. म्हणजे खोलींतील सर्व हवा तासांत पस्तीस वेळां बदलावी लागेल. भिंतीवरचा एक लहान पंखा हें काम करूं शकत नाहीं, हें या हिशेबावरून ध्यानांत येईल.

झाडास काय होतें?

उन्हांत काम करणाऱ्या माणसास घाम येतो व त्याचें अंग निवतें, तसेंच झाडाचें आहे. पानांवर सूक्ष्म रंध्रें असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान थंड रहातें. त्याच रंध्रांतून झाड आपल्या अन्नासाठीं हवेंतील कर्बवायु आंत घेतें. हवा फार तापली व मुळांकडून पाणी पुरेसें येईना, म्हणजे झाड पाणी राखण्यासाठीं रंध्रें मिटून घेतें. मग दोन्हीकडून तोटा होतो. वाफ थांबल्यानें पान अधिक तापतें, आणि कर्बवायु बंद झाल्यानें अन्न तयार होणें थांबतें. श्वसन मात्र थांबत नाहीं. उष्णमान दहा अंशांनीं वाढलें कीं तें सुमारें दुपटीनें वाढतें. मिळकत बंद आणि खर्च दुप्पट, अशी त्या झाडाची स्थिति होते. रात्रही तापलेली असली तर दिवसाची सांठवण रात्रींच खर्चून जाते. याकरितां रात्रीचें उष्णमान दिवसाइतकेंच महत्त्वाचें मानावें.

बाधेचीं लक्षणें पिकागणिक निरनिराळीं असतात. सॅलड, कोथिंबीर व पालक हीं पिकें उष्णतेनें व लांब दिवसानें अकालीं फुलोऱ्यावर येतात. पानें राठ होतात, सॅलड कडू होतें. टोमॅटोचें फूल दिवसा ३५ अंश सेंटिग्रेडच्या वर उष्णमान गेल्यास बहुधा धरत नाहीं, कारण पराग निकामी होतात. सॅलडच्या कोंवळ्या आंतल्या पानांच्या कडा करपतात. हा रोग नव्हे. ती चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, उणीव आहे. पाण्यांत चुना भरपूर असूनही ती होते, कारण चुना झाडांत फक्त वर चढणाऱ्या पाण्याबरोबर जातो, आणि ज्या आंतल्या पानांतून वाफ निघत नाहीं त्यांच्याकडे तो पोंचतच नाहीं. अशा वेळीं क्षार वाढविणें व्यर्थ आहे. वरून मंद पंख्याचा वारा गाभ्यावर सोडला म्हणजे तीं पानें वाफ टाकूं लागतात व करपा थांबतो.

मुळांचा जीव पाण्यांत

पानांची बाधा डोळ्यांस दिसते. खरा घात मात्र बहुधा मुळांशीं होतो. मुळांसही श्वास घ्यावा लागतो. शेतांत हा प्राणवायु मातीच्या कणांमधील हवेंतून मिळतो. जलशेतींत तो पाण्यांत विरघळलेला असावा लागतो. पाणी जितकें ऊन तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. एक लिटर पाण्यांत २० अंशांस सुमारें ९.१ मिलिग्रॅम, २५ अंशांस ८.३, ३० अंशांस ७.६ आणि ३५ अंशांस अवघा ६.९ मिलिग्रॅम प्राणवायु रहातो. आणि हें पाणी चांगलें घुसळलेलें असेल तरच. इकडे मुळांचें श्वसन तर उष्णतेनें वाढलेलें असतें. म्हणजे मागणी चढते त्याच वेळीं पुरवठा घटतो.

गुदमरलेल्या मुळांवर पिथियम नांवाची पाण्यांतील बुरशीसारखी कीड लागते. तिचे कांहीं प्रकार ३० अंशांच्या पुढेंच जोमानें वाढतात. निरोगी मूळ पांढरें व चिवट असतें. पिथियम लागलेलें मूळ तपकिरी, बुळबुळीत होतें, आणि चिमटींत धरून ओढल्यास वरची साल निघून आंतला दोरा तेवढा हातांत येतो. ही परीक्षा प्रत्येकानें आठवड्यांतून दोनदां करावी. पानें माना टाकीपर्यंत वाट पाहिली, तर उपायाची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

उलट बाजूची गोष्टही तितकीच ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत सॅलडवर प्रयोग झाले. त्यांचा अहवाल १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. मुळांजवळचें पाणी २४ अंशांवर राखल्यास हवा ३१ अंशांपर्यंत चढली तरी विकण्याजोगें सॅलड येतें, असें त्यांत दिसून आलें. आमच्यासारख्या उष्ण मुलखांतील लोकांस याहून उपयुक्त धडा नाहीं. सगळी खोली थंड करणें खर्चाचें आहे; टाकींतलें पाणी थंड राखणें त्या मानानें स्वस्त आहे.

आमची फजिती

हें ज्ञान आम्हांस पुस्तकांतून उशिरां व नुकसानींतून आधीं मिळालें. शिराळ्यास घरालगतच्या पत्र्याच्या खोलींत आम्हीं पाइपांचा सांचा बसविला होता. पाइपांतून पाण्याचा पातळ थर सतत वहावयाचा, आणि सगळ्या सांच्यास मिळून शंभर लिटरची काळी टाकी. ज्यांनीं सरंजाम विकला त्यांनीं टाकी खोलीबाहेर, पश्चिमेच्या भिंतीशीं ठेवून दिली. आम्हींही कांहीं विचारलें नाहीं. दिवे दिवसा लावीत असूं, कारण दिवसा उजेड पाहिजे एवढीच आमची समज होती.

वैशाखांत एके दुपारीं वीज गेली. पाण्याचा थर दहा मिनिटांत ओसरला. आम्ही मळ्यांत होतों. तीन तासांनीं परतलों तेव्हां सगळें सॅलड चिंधीसारखें लोंबत होतें. वीज आल्यावर पंप चालूं झाला आणि उन्हांत तापलेलें टाकींतलें पाणी त्या अर्धमेल्या मुळांवर गेलें. तें पाणी हातास कोंबट लागत होतें. दुसऱ्या दिवशीं कांहीं रोपें उभीं राहिलीं, आम्हांस आनंद झाला. परंतु आठवड्याच्या आंत मुळें तपकिरी पडून एकही रोप राहिलें नाहीं. घरांतील वृद्धांनीं एवढेंच विचारलें कीं, मेथीचा वाफा असता तर दोन बादल्या पाण्यावर जगला असता कीं नाहीं? त्यास उत्तर नव्हतें. पुढील उपाय त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून शोधलेले आहेत.

खोली थंड राखण्याचे उपाय

पहिला उपाय छपराचा, व तो सर्वांत स्वस्त आहे. कौलारू खोली मिळत असल्यास पत्र्याच्या खोलीकडे वळूं नये. पत्राच असल्यास त्यास बाहेरून चुन्याचा दाट पांढरा हात द्यावा. पत्र्याच्या वर वीतभर अंतर सोडून हिरव्या शेडनेटची सांवली करावी. जाळी खोलीच्या आंत बांधणें चुकीचें आहे. कारण ती ऊन आपल्या अंगावर घेऊन तीच उष्णता आंत सोडते. भाताचा पेंढा अगर उसाचें पाचट शाकारल्यास उत्तम सांवली होते, पण विजेच्या तारा जवळ असतील तेथें आगीचें भय ओळखून हा मोह टाळावा. पश्चिमेच्या भिंतीवर घोसाळीचा अगर दोडक्याचा वेल चढविल्यास दुपारचें ऊन अडतें व भाजीही मिळते.

दुसरा उपाय दिव्यांच्या वेळेचा. झाडास दिवस व रात्र घड्याळावरून कळत नाहीं. दिवे सायंकाळीं सहा वाजतां लावून सकाळीं आठ वाजतां मालवावे. म्हणजे चौदा तास उजेड मिळतो, दिव्यांची उष्णता रात्रीच्या थंड हवेंत निघून जाते, आणि भर दुपारीं झाडें अंधारांत विसावा घेतात. या बदलास एक पैसाही पडत नाहीं. मात्र खोलींत खिडकीवाटे दिवसाचा उजेड येत असेल तर ती झांकावी, नाहींतर झाडास रात्रच मिळणार नाहीं.

तिसरा उपाय वाऱ्याचा. ऊन हवा वर चढते. म्हणून तिला बाहेर जाण्याचें भोंक आढ्यापाशीं असावें व पंखा तेथें बसवावा. नवी हवा उत्तरेच्या अगर सांवलीच्या बाजूनें, जमिनीलगत आंत घ्यावी.

चौथा उपाय ओल्या पडद्याचा, आणि येथें थोडें थांबलें पाहिजे. वाळ्याचे ओले ताटवे दारास लावण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. बाजारांतील कूलरचें तत्त्व तेंच. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी (मोठ्या) उष्णता शोषली जाते. म्हणजे हजार वॉटच्या दिव्यांची तासाची सर्व उष्णता अवघ्या दीड लिटर पाण्याच्या वाफेंत जिरते. परंतु याची मर्यादा आमच्या घरचा माठच सांगतो. वैशाखांत माठांतलें पाणी गार होतें, आषाढांत होत नाहीं. हवा कोरडी असेल तरच वाफ निघते.

आपल्या खोलींत पडद्याचा उपयोग किती होईल हें पहाण्यास दोन साधे उष्णतामापक घ्यावे. एकाच्या टोंकास ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळून दोहोंवर पंख्याचा वारा सोडावा. ओल्या मापकाचा आंकडा हीच पडद्याची शेवटची मजल. प्रत्यक्षांत दोहोंमधील अंतराच्या सुमारें तीन-चतुर्थांश उतार मिळतो. उदाहरणार्थ, वैशाखांतील दुपारीं हवा ३८ अंश व तींतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा २५ असल्यास ओला मापक सुमारें २३ दाखवील, आणि पडद्यांतून येणारी हवा २७ अंशांच्या आसपास असेल. हा मोठाच लाभ आहे. परंतु मृगाचा पाऊस लागून हवा ३० अंश व आर्द्रता शेंकडा ८० झाली, म्हणजे ओला मापक २७ दाखवितो. पडदा फार तर दोन अंश उतरवील व उलट ओल वाढवून बुरशीस आमंत्रण देईल. सबब पावसाळा लागतांच ओले पडदे काढून ठेवावे व निव्वळ वाऱ्यावर भिस्त ठेवावी.

पाणी थंड राखण्याचे उपाय

पाण्याचा सांठा जितका मोठा तितका तो सावकाश तापतो. हजार वॉटच्या दिव्यांइतकी उष्णता शंभर लिटर पाण्यांत शिरली तर तें तासांत साडेआठ अंशांनीं तापतें. हजार लिटरांत शिरली तर एक अंशही नाहीं. आमच्या शंभर लिटरच्या टाकीची चूक या हिशेबांत उघडी पडते. म्हणून नवीन शेतकऱ्यानें पाइपांतील पातळ थराच्या नादीं न लागतां वीतभर अगर त्याहून खोल पाण्याच्या हौदावर तरंगत्या तक्त्यांत रोपें लावावीं. हौद मोठा, तक्ता वरून ऊन अडविणारा, आणि पंप बंद पडला तरी मुळें पाण्यांतच रहातात. सुतार व गवंडी गांवचेच चालतात.

टाकी वेगळी असेल तर ती सांवलींत, जमिनींत पुरावी. दोन-तीन हात खोलीवरील जमिनीस दुपारचें ऊन कळत नाहीं. वर उघड्या राहिलेल्या भागास पांढरा रंग द्यावा. आंत उजेड जाऊं देऊं नये, नाहींतर शेवाळ माजतें. पाइप बाहेरून जात असतील तर त्यांस गोणपाट गुंडाळावें.

पाण्यांत हवा खेळविण्यासाठीं माशांच्या टाकीस लावतात तसा लहान हवेचा पंप रात्रंदिवस चालूं ठेवावा. अगर परत येणारें पाणी टाकींत हातभर उंचीवरून पडूं द्यावें. हवेचा पंप जेथून हवा ओढतो ती जागा थंड असावी. तापलेली हवा सोडल्यास पाणीही तापतें.

अगदीं अडचणीच्या दिवशीं बर्फाचा आश्रय घ्यावा, पण हिशेबानें. एक किलो बर्फ वितळून पाण्याच्या उष्णमानास येईपर्यंत सुमारें शंभर कॅलरी शोषतो. शंभर लिटर पाणी पांच अंशांनीं उतरविण्यास पांच किलो बर्फ पुरतो. तो उघडा टाकूं नये. क्षार पातळ होतात. बाटल्यांत पाणी गोठवून त्या बंद बाटल्या सोडाव्या. एकदम दहा अंश उतार करूं नये. तापलेल्या मुळांस तोही धक्काच आहे.

क्षारांचें मान

उन्हाळ्यांत झाड पाणी अधिक पितें, क्षार त्या मानानें कमी घेतें. त्यामुळें टाकींतलें पाणी दिवसेंदिवस खारट होत जातें. अशा पाण्यांतून मुळांस पाणी ओढणें जड जातें, व झाड भरल्या टाकींत तहानेनें सुकतें. अनुभवहीन मनुष्य पानें मलूल पाहून आणखी क्षार घालतो आणि उरलेंसुरलें पीक मारतो. सॅलडसारख्या पालेभाजीस थंडींत विद्युद्वाहकतेचें मान १.५ मिलिसीमेन्स ठेवीत असाल तर उन्हाळ्यांत तें १ ते १.२ वर आणावें, आणि रोजची तूट साध्या स्वच्छ पाण्यानें भरून काढावी. आम्लतेचा आंकडा ५.५ ते ६.५ यांच्या दरम्यान असावा. बोअरचें पाणी जड असल्यास हा आंकडा रोज वर चढतो. म्हणून मोजमाप सकाळीं एका ठराविक वेळीं करून वहींत टिपावें. पंधरवड्यानें सर्व पाणी बदलावें. जुनें पाणी फेंकूं नये, नारळास अगर केळीस घालावें.

पीक ऋतूप्रमाणें

ज्याचा हंगाम नाहीं तें पीक यंत्राच्या बळावर ओढून काढण्यापेक्षां ऋतूला मानवणारें पीक घेणें शहाणपणाचें. सॅलड, पालक, कोथिंबीर यांस कार्तिक ते फाल्गुन हा काळ द्यावा. चैत्रापासून तांदुळजा, पोकळा, राजगिरा, मायाळू हीं उष्णता सोसणारीं पिकें लावावीं. सॅलडचें बीं ३० अंशांच्या वर बहुधा रुजतच नाहीं, झोंपून रहातें. तेव्हां उन्हाळ्यांत तें लावणेंच असल्यास पहिले दोन दिवस बियांचा ट्रे घरांतील सर्वांत थंड कोपऱ्यांत, माठाशेजारीं, ठेवावा.

चाऱ्याचे ट्रे

शिराळ्याकडील बहुतेक शेतकऱ्यांचा या विद्येशीं संबंध येतो तो दुभत्या जनावरांच्या निमित्तानें. म्हणून याविषयीं स्वतंत्र लिहिणें अगत्याचें आहे. आपल्या शेजारीं गोव्यांत, जुने गोवें येथील भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या संस्थेंत, मक्याच्या अशा चाऱ्याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. तेथील अनुभव असा कीं, एक किलो मक्यापासून सात दिवसांत सुमारें पांच ते सहा किलो हिरवा चारा मिळतो. हा आंकडा ऐकून हुरळून जाऊं नये. वाढलेलें वजन पाण्याचें आहे. कोरडें सत्त्व मूळ मक्याइतकेंही रहात नाहीं, रुजण्यांत कांहीं खर्चच होतें. सबब हा चारा कडब्याची जागा घेऊं शकत नाहीं. उन्हाळ्यांत हिरव्याचा तुटवडा असतांना कोरड्या वैरणीबरोबर द्यावयाची ती जोड आहे.

या ट्रेंस उष्णतेची बाधा बाहेरून होते तशी आंतूनही होते. मोड येणारें धान्य स्वतः ऊब सोडतें. मोडाच्या मटकीच्या गांठोड्यांत हात घालून पहावा. दाणे जाड थरानें पसरले तर मधला भाग बाहेरच्या हवेहून बराच तापतो, नासतो व बुरशी धरतो. उन्हाळ्यांत थर निम्मा पातळ ठेवावा, मांडणीच्या वरच्या कप्प्यांत ट्रे लावूं नयेत, आणि दर दोन तासांनीं थोडें थोडें पाणी फवारावें. साचूं देऊं नये. फुटके दाणे आधीं पाखडून काढावे. बुरशीची सुरुवात त्यांच्यापासून होते. प्रत्येक खेपेस ट्रे घांसून, धुवून उन्हांत वाळवावे.

तीन गोष्टींविषयीं आम्ही आग्रहानें सांगतों, कारण त्यांत जनावराच्या जिवाचा प्रश्न आहे. पहिली: दुकानांतील पेरणीच्या बियाण्यास औषध चोळलेलें असतें, तें चाऱ्यासाठीं कधींही रुजवूं नये. दुसरी: ज्वारीच्या कोंवळ्या मोडांत विष असतें, ‘किराळ लागणें’ म्हणून आपण जें ओळखतों तेंच तें. मका नाहीं म्हणून ज्वारी रुजवूं नये. तिसरी: बुरशी चढलेला चारा वरचा भाग काढून खालचा घालूं नये, सगळा ट्रे उकिरड्यावर टाकावा. एका ट्रेच्या मक्याची किंमत म्हशीच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं.

वीज गेली असतां

उन्हाळ्यांत वीज जाणारच, असें धरून चालावें. पंप बंद पडल्यास वाजणारी घंटा बसवावी. ती स्वस्त असते. हवेच्या लहान पंपापुरती बॅटरी जवळ असावी. दिवे बंद झाले तर झाडें एक दिवस सोसतात. मुळांस पाणी व हवा न मिळाल्यास तासाभरांतही सोसत नाहींत. म्हणून बॅटरीची शक्ति दिव्यांवर खर्चूं नये. कांहींच नसेल तर लोट्यानें पाणी उंचावरून ओतून टाकी घुसळावी. थोड्या थोड्या वेळानें पांच मिनिटें हें काम घरांतील मूलही करूं शकतें. खोलीचीं दारें-खिडक्या उघडाव्या, जमिनीवर पाणी शिंपडावें. वीज परत आल्यावर पंप सुरू करण्यापूर्वीं टाकींत हात घालून पहावें. पाणी कोंबट असेल तर आधीं तें निववावें, मग सोडावें. आमच्या सॅलडचा शेवटचा घात या एका विसरण्यानें झाला.

समारोप

सारांश, छपरास चुना व सांवली, दिवे रात्रीं, वारा आढ्यांतून, ओला पडदा केवळ कोरड्या दिवसांत, टाकी मोठी व जमिनींत, क्षार सौम्य, आणि पीक ऋतूला धरून, एवढीं पथ्यें पाळणारास वैशाखही फारसा जड जाऊं नये. यांतील बहुतेक उपायांस पैशापेक्षां लक्ष अधिक लागतें.

तरीही ज्यास बारमाही विहीर व चांगली जमीन आहे, त्यानें पालेभाजी मातींतच करावी, असें आमचें प्रांजळ मत आहे. ही विद्या त्याच्यासाठीं, ज्याची जागा तोकडी, पाणी थोडें, आणि माल घेणारें गिऱ्हाईक ठरलेलें आहे. अशानेंही प्रथम एक लहान हौद घ्यावा, त्यावर एक पूर्ण उन्हाळा काढावा, रोजचें उष्णमान वहींत लिहावें, आणि मुळें पांढरीं राहिलीं तरच पुढील वर्षीं दुसरा हौद बांधावा. हिवाळ्यांतील हिरवेंगार पीक पाहून कर्ज काढूं नये. कर्ज काढावें कीं नाहीं हें वैशाखांतील मुळांस विचारावें.